खोल समुद्रातली जैवविविधता आणि जुने हवामानबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोल समुद्र म्हटलं की बहुतेकांच्या मनात एक शांत, काळोखी, कधीच न बदलणारी जागा येते. हे चित्र चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे नीट सांगावं म्हणून हे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांब झालीयत कारण विषयच तसा आहे, काही दोन ओळींत संपतात.

खोल समुद्र म्हणजे नक्की किती खोल?

साधारण २०० मीटरच्या खाली उजेड इतका कमी होतो की शेवाळ किंवा प्लँक्टनला, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांना, त्यावर अन्न बनवता येत नाही, तिथून खालचं सगळं खोल समुद्रात धरतात. १००० मीटरनंतर सूर्यप्रकाश अजिबातच नाही. समुद्राची सरासरी खोली ३७०० मीटरच्या आसपास आहे आणि मारियाना गर्ता जवळजवळ ११ किलोमीटर खोल आहे. तळाचं पाणी बहुतेक ठिकाणी ० ते ४ अंश. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः १००० ते ५००० मीटरवरच्या तळाबद्दल, म्हणजे चिखलात आणि चिखलावर राहणाऱ्या जीवांबद्दल आहे.

तिथे खरंच इतकी विविधता आहे का? नुसता चिखलच तर असतो ना?

हो, आणि हे कळायला माणसाला फार वेळ लागला. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स नावाच्या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने एजियन समुद्रात जाळी ओढून बघितली, जसजसं खोल जावं तसतसे जीव कमी मिळत गेले, आणि त्यावरून त्याने अंदाज बांधला की ३०० फॅदम म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली जीवन नसावंच. नंतर १८७२ ते १८७६ मध्ये चॅलेंजर जहाजाची मोहीम जगभर फिरली आणि तिने आणलेल्या नमुन्यांतून जवळपास ४७०० नव्या प्रजातींची नोंद झाली, त्यात खोल पाण्यातल्याही भरपूर होत्या, तेव्हा तो प्रश्न मिटला.

पण "जीव आहेत" आणि "प्रचंड विविधता आहे" या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी कळली १९६० च्या दशकात. हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी बारीक जाळीचं नवीन उपकरण तळावरून ओढलं, चिखल काळजीपूर्वक चाळला, आणि त्यात इतक्या प्रकारचे किडे, शिंपले, छोटे कवचधारी प्राणी निघाले की उथळ समुद्रातले बरेच भाग त्यापुढे गरीब वाटावेत. १९९२ मध्ये ग्रासल आणि मॅसिओलेक यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या खोल उतारावरचे नमुने मोजले, त्यात ७९८ प्रजाती सापडल्या, आणि त्यावरून त्यांनी अख्ख्या खोल समुद्रात १० लाख ते १ कोटी प्रजाती असू शकतात असा अंदाज मांडला. या अंदाजावर खूप वाद झाला, अजूनही होतो, पण तिथे काही नाही असं त्यानंतर कोणी म्हणालं नाही.

मग साहजिकच प्रश्न आला की एवढी विविधता आली कुठून. सँडर्सने १९६८ मध्ये उत्तर दिलं की खोल समुद्र फार काळ स्थिर राहिलाय, काही बदललंच नाही, म्हणून प्रजाती साठत गेल्या. ऐकायला पटतं. पण पुढच्या पन्नास वर्षांत गाळाने जे दाखवलं ते नेमकं याच्या उलट होतं, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

वर हवामान बदललं तर चार किलोमीटर खाली ते पोचतं कसं?

तीन-चार वाटा आहेत आणि सगळ्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

पहिली वाट पाण्याचीच. खोल समुद्रातलं पाणी तिथे जन्मलेलं नसतं, ते ध्रुवांजवळ, म्हणजे उत्तर अटलांटिकमध्ये आणि अंटार्क्टिकाभोवती, थंड आणि खारट होऊन जड होतं आणि खाली बुडतं, मग तळाने हळूहळू जगभर पसरतं. एका फेरीला हजार वर्षांच्या आसपास लागतात. त्यामुळे ध्रुवांवर ऊन वाढलं, बर्फ वितळून गोडं पाणी समुद्रात आलं, की बुडणारं पाणी कमी होतं किंवा त्याचं तापमान बदलतं, आणि ते हजारो किलोमीटर दूरच्या तळावर जाणवतं.

दुसरी वाट ऑक्सिजनची. खाली उजेड नाही म्हणजे ऑक्सिजन बनवणारं कोणी नाही, जो काही श्वास आहे तो त्या बुडणाऱ्या पाण्याने वरून आणलेला. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि प्रवाह मंदावला तर असलेला वापरून संपतो पण नवा येत नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात कमी बोलली जाणारी, अन्नाची. वरच्या प्लँक्टनचे मेलेले तुकडे, विष्ठा, चिकट गोळे असं सगळं सतत खाली पडत असतं, त्याला सागरी बर्फ (मरीन स्नो) म्हणतात, खरा बर्फ नव्हे. वर जेवढं अन्न बनतं त्यातलं साधारण एक टक्का किंवा त्याहून कमीच खोल तळापर्यंत पोचतं, बाकीचं वाटेतले बॅक्टेरिया आणि प्राणी खाऊन टाकतात. एवढ्याशा पुरवठ्यावर अख्खं जग चालतं, तर मग वारे बदलले, वरचा हंगाम बदलला, प्लँक्टनचे प्रकार बदलले की खालच्यांच्या ताटात काय आणि कधी पडणार हेच बदलतं.

आणि चौथी रसायनाची. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की समुद्र तो शोषतो आणि पाणी जास्त आम्लधर्मी होतं, कॅल्शियम कार्बोनेटची कवचं विरघळायला लागतात. तशीही समुद्रात एक पातळी असतेच, आज बहुतेक ठिकाणी ती ४००० ते ५००० मीटरच्या दरम्यान आहे, जिच्याखाली अशी कवचं टिकत नाहीत. कार्बन वाढला की ती पातळी वर सरकते.

लाखो वर्षांपूर्वी तळाशी कोण राहत होतं हे कळतं तरी कसं?

गाळावरून. खुल्या महासागरात तळावर हजार वर्षांत साधारण एक ते काही सेंटिमीटर गाळ साचतो, आणि तो वर्षानुवर्षं एकावर एक बसत जातो. जहाजावरून लांब पोकळ नळी खाली घालून हा गाळ थरांसकट वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. १९६८ मध्ये ग्लोमार चॅलेंजर या जहाजापासून खोल समुद्रातलं वैज्ञानिक ड्रिलिंग पद्धतशीर सुरू झालं, पुढे १९८५ पासून २०२४ पर्यंत जॉइडेस रेझोल्यूशन या जहाजाने ते काम केलं. हे कोअर आजही जर्मनीत ब्रेमेनला, अमेरिकेत टेक्सासमध्ये आणि जपानच्या कोचीमध्ये थंड गोदामांत ठेवलेत, आणि चाळीस वर्षांपूर्वी काढलेल्या कोअरवर आजचा विद्यार्थी नवीन काम करू शकतो, ही मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आता त्या गाळात काय असतं. मोठे मासे, ऑक्टोपस, समुद्रकाकड्या यांचं फारसं काही उरत नाही. उरतात ते फोरॅमिनिफेरा, ज्यांना सगळे थोडक्यात फोरॅम म्हणतात, म्हणजे कवच करणारे एकपेशीय जीव, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. काही वर तरंगतात, काही तळावर राहतात. दुसरे ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन झडपांच्या कवचातले बारीक कवचधारी प्राणी, खेकडे-कोळंबीच्या लांबच्या नात्यातले. चमचाभर गाळ चाळला तरी शेकडो कवचं मिळू शकतात, बहुतेक कवचं प्रजातीपर्यंत ओळखता येतात, त्यामुळे एका थरात कोण कोण होतं, किती होतं, हे मोजता येतं.

वर त्याच कवचांमध्ये त्या वेळच्या पाण्याची खूण असते. ऑक्सिजनचे हलका आणि जड असे आयसोटोप असतात, पाणी थंड असेल किंवा जमिनीवर बर्फ जास्त साचला असेल तर कवचात जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढतं. चेझारे एमिलियानी याने १९५५ मध्ये हे वापरून हिमयुगांची चढ-उतार समुद्राच्या गाळातून वाचून दाखवली. बर्फाचा परिणाम कुठला आणि तापमानाचा कुठला हे वेगळं करायला कवचातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं प्रमाण बघतात. म्हणजे एकाच कोअरमध्ये हवामान पण आहे आणि त्या हवामानात जगणारे जीव पण आहेत, आणि दोघांची तारीख जुळवायची कटकट नाही कारण ते एकाच थरातून येतात. जमिनीवरच्या जीवाश्मांमध्ये हे सुख फार कमी वेळा मिळतं.

किती मागे जाता येतं?

समुद्राचा तळ स्वतःच कायमचा नसतो, तो समुद्राखालच्या मध्य-सागरी पर्वतरांगांजवळ नव्याने बनतो आणि दुसऱ्या टोकाला पृथ्वीच्या पोटात जातो. आजच्या मोठ्या महासागरांच्या तळावर साधारण १८ कोटी वर्षांपेक्षा जुना गाळ जवळपास नाहीच. त्याआधीचं जे कळतं ते जमिनीवर चढलेल्या खडकांमधून, आणि ते तुटक असतं.

डायनासोर गेले तेव्हा खोल समुद्रातलं पण सगळं गेलं का?

नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला तेव्हा वर तरंगणाऱ्या फोरॅमच्या बहुतांश प्रजाती नाहीशा झाल्या, पण तळावर राहणाऱ्या फोरॅमचं मोठं नामशेषीकरण झालंच नाही. अन्नाचा पुरवठा विस्कळीत झाला, कोण जास्त कोण कमी हे बदललं, पण बहुतेक प्रजाती टिकल्या.

मग त्यांना सगळ्यात मोठा फटका कधी बसला?

५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन आणि इओसीन या दोन कालखंडांच्या सीमेवर. भूवैज्ञानिकदृष्ट्या फार थोड्या काळात, म्हणजे काही हजार वर्षांत, हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला, जगाचं सरासरी तापमान ५ ते ६ अंशांनी वाढलं, आणि सगळं पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षं गेली. खोल समुद्राचं पाणी जे आधीच आजच्यापेक्षा बरंच कोमट होतं ते आणखी ४ ते ५ अंशांनी तापलं. आणि तळावरच्या फोरॅमच्या ३० ते ५० टक्के प्रजाती कायमच्या गेल्या.

लघुग्रहाने जे केलं नाही ते तापमानवाढीने केलं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण या विषयातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

याचा चांगला पुरावा अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातल्या मॉड राइज या उंचवट्यावरून आला, तिथल्या कोअरवरून केनेट आणि स्टॉट यांनी १९९१ मध्ये दाखवलं की आयसोटोपमधला झटका आणि फोरॅमची गच्छंती एकदमच होतात. दक्षिण अटलांटिकमध्ये वॉल्व्हिस रिजवर २००३ मध्ये वेगवेगळ्या खोलीवर ड्रिल केलं तेव्हा तर डोळ्यांना दिसतं, पांढरट चुनखडीचा गाळ, मग अचानक लालसर चिकणमाती जिच्यात कवचंच नाहीत कारण ती विरघळली, आणि मग हळूहळू परत पांढरा. कवचं विरघळण्याची पातळी तिथे दोन किलोमीटरपेक्षा जास्त वर आली होती.

नेमकं कशाने मेले यावर मात्र अजून एकमत नाही आणि ते असणं अवघडही आहे, कारण सगळंच एकदम झालं. आम्लता हे एक कारण, पण ज्यांची कवचं चुन्याची नव्हती, वाळूचे कण चिकटवून केलेली होती, त्यातलेही काही गेले. ऑक्सिजन काही ठिकाणी कमी झाला पण सगळीकडे सारखा नाही. म्हणून एलन थॉमस, जिने आयुष्यभर हेच फोरॅम मोजलेत, आणि इतर काही जण अन्नाकडे बोट दाखवतात: पाणी गरम झालं की बॅक्टेरियांचा वेग वाढतो, पडणारं अन्न वाटेतच जास्त खाल्लं जातं, आणि त्याच वेळी खालच्या प्रत्येक जीवाची भूकही वाढते कारण त्याचं शरीर जास्त वेगाने चालतं. पुरवठा कमी आणि गरज जास्त, दोन्ही एकदम. मला हे कारण सगळ्यात पटतं, कारण जगभर सगळ्या खोलीवर लागू होईल असं दुसरं फारसं काही सापडत नाही.

मागे राहिले ते बहुतेक छोट्या आकाराचे, पातळ कवचाचे, पटकन वाढणारे आणि काहीही चालवून घेणारे. ऑस्ट्राकॉडमध्येही मॉड राइजला असंच चित्र दिसतं. आणि त्याच काळात जमिनीवर घोड्यांचे आणि माकडांचे पूर्वज उत्तर अमेरिकेत आणि युरोपात पसरत होते, म्हणजे एकाच घटनेने वर एक दार उघडलं आणि खाली एक बंद केलं.

म्हणजे गरम झालं की प्रजाती कमी, थंड झालं की जास्त, असा सरळ हिशोब आहे का?

नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

थॉमस क्रोनिन आणि मॉरीन रेमो यांनी १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या २८.५ ते २४ लाख वर्षांपूर्वीच्या गाळातले ऑस्ट्राकॉड तपासले. त्या काळात उत्तर गोलार्धात बर्फ पसरायला नुकती सुरुवात झाली होती आणि पृथ्वीच्या आसाच्या कलानुसार साधारण ४१,००० वर्षांच्या चक्राने थंडी-ऊब येत-जात होती. त्यांना दिसलं की तळावरची विविधता त्याच तालावर वरखाली होते, आणि थंड काळात ती कमी होते, उबदार काळात वाढते. पुढे जीन हंट, क्रोनिन आणि कौस्तुव रॉय यांनी २००५ मध्ये गेल्या १,३०,००० वर्षांच्या फोरॅमवरून हाच निष्कर्ष काढला की इथे विविधता तापमानाबरोबर वाढते.

मग ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उलट का झालं? कारण सुरुवात कुठून होते यावर सगळं आहे. पाणी गोठायच्या जवळ असेल तर एक-दोन अंश उबेने जीवांचं भलं होतं, पण आधीच कोमट असलेल्या पाण्यात आणखी पाच अंश घातले, तेही झपाट्याने, तर मोडतं. शिवाय अन्न आणि ऑक्सिजन हे दोघं तापमानाच्या बरोबर किंवा विरुद्ध खेचत असतातच. २०१६ मध्ये ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशांच्या नातलग प्राण्यांच्या जगभरच्या नोंदी एकत्र करून बघितलं तर उथळ पाण्यात विविधता विषुववृत्ताजवळ जास्त, पण २००० मीटरच्या खाली ती ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात जास्त, जिथे वरून अन्न जास्त पडतं. म्हणून कोणी "तापमानाचा परिणाम" असं एका वाक्यात सांगितलं तर विचारा, किती अंशांवरून, किती वेगाने, आणि अन्नाचं काय झालं.

अंटार्क्टिकावर बर्फ साचला त्याचा खोल समुद्राशी काय संबंध?

फार मोठा. इओसीनच्या सुरुवातीला खोल समुद्राचं पाणी १० अंशांच्या वर होतं, आजच्या तुलनेत ही वेगळीच दुनिया होती. नंतर हळूहळू थंड होत गेलं आणि ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर कायमची मोठी हिमचादर बसली. पुढेमागे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून पुरेशी दूर झाली आणि त्या खंडाभोवती गोल फिरणारा प्रवाह तयार झाला. आज आपण ज्याला खोल समुद्र म्हणतो, थंड, ऑक्सिजन असलेला, ऋतूप्रमाणे अन्न पडणारा, तो मुळात तेव्हा घडायला लागला.

तळावरच्या फोरॅममध्ये हे दिसतं. एलन थॉमस आणि अँड्र्यू गुडे यांनी १९९६ मध्ये दाखवलं की आधी विषुववृत्ताजवळ आणि ध्रुवांजवळ तळावरची विविधता साधारण सारखीच होती, आणि या थंडीच्या काळात ध्रुवांकडची घसरली, तेव्हापासून फोरॅममधला आजचा उतार, म्हणजे विषुववृत्ताकडे जास्त आणि ध्रुवांकडे कमी प्रजाती, सुरू झाला. त्यांचं स्पष्टीकरण असं की ध्रुवांकडे अन्न थोड्या आठवड्यांत भरपूर आणि बाकी वर्षभर जवळपास काहीच नाही असं झालं, आणि अशा परिस्थितीत थोडे संधिसाधू प्रकार बाकीच्यांना मागे टाकतात.

पण थंडीने फक्त हिरावलं नाही, दिलंही. ऑक्टोपसची गोष्ट बघा. जॅन स्ट्रगनेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये डीएनएवरून दाखवलं की आजच्या खोल समुद्रातल्या ऑक्टोपसच्या एका मोठ्या गटाचे पूर्वज अंटार्क्टिकाभोवतीचे होते, ३ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी ते वेगळे झाले आणि साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा अंटार्क्टिका आणखी थंड झाला, तेव्हा खोल पाण्यात पसरून त्यांच्या बऱ्याच प्रजाती झाल्या. जे थंड, खारट पाणी तिथून बुडून जगभर जातं त्याच वाटेने ते उत्तरेकडे गेले. आणि खाली गेल्यावर त्यांची शाईची पिशवी गेली, कारण अंधारात शाई सोडून उपयोग काय.

हिमयुगांच्या काळात काय झालं?

दोन गोष्टी झाल्या, एक परत-परत होणारी आणि एक कायमची.

परत-परत होणारी म्हणजे वर सांगितलेली चढ-उतार. मोरिआकी यासुहारा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अटलांटिकमधल्या वेगवेगळ्या अक्षांशांचे ऑस्ट्राकॉड एकत्र मांडले तेव्हा दिसलं की विषुववृत्ताकडे जास्त आणि ध्रुवाकडे कमी असा जो उतार आज दिसतो तो उबदार आंतरहिमकाळात, म्हणजे दोन हिमकाळांच्या मधल्या काळात, असतो आणि हिमकाळात मोडतो, कारण उष्ण कटिबंधातल्या खोल तळावरची विविधताच खाली येते. उष्ण कटिबंधातला, तोही खोल तळ. सगळ्यात स्थिर समजली जाणारी जागाच डळमळत होती.

कायमची म्हणजे एक नामशेषीकरण जे फार कमी लोकांना माहीत असतं. साधारण १२ लाख ते साडेपाच लाख वर्षांपूर्वी हिमयुगांचं चक्र ४१,००० वर्षांवरून जवळपास १,००,००० वर्षांचं झालं आणि प्रत्येक हिमकाळ जास्त कडक होत गेला. त्याच काळात लांबट, नळीसारख्या कवचाच्या, तोंडाशी गुंतागुंतीची रचना असलेल्या तळावरच्या फोरॅमच्या सुमारे शंभर प्रजाती जगभरातून गेल्या, अख्खी कुळं गेली. न्यूझीलंडच्या ब्रूस हेवर्डने हे काम वर्षानुवर्षं केलंय. प्रत्येक हिमकाळात त्यांची संख्या घटायची, मग थोडी सावरायची, पुन्हा घटायची, आणि शेवटी सावरायची थांबली. कारण बहुधा अन्नातला बदल, म्हणजे ते ज्या प्रकारच्या प्लँक्टनवर किंवा बॅक्टेरियांवर जगत असतील तेच बदललं असावं. बाकीच्या शेकडो प्रजातींना त्याच काळात फारसं काही झालं नाही, आणि मला हेच जास्त अस्वस्थ करतं, कारण एका विशिष्ट प्रकारे जगणारेच निवडून गेलेत.

असे बदल व्हायला नेहमी हजारो-लाखो वर्षं लागतात का?

नाही हो. अटलांटिकच्या वायव्य भागातल्या एका कोअरवर यासुहारा, क्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गेल्या २०,००० वर्षांचे ऑस्ट्राकॉड मोजले, तिथे गाळ पटापट साचतो म्हणून बारीक काळ दिसतो. उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचं पाणी ओतलं जाऊन खोल प्रवाह मंदावला, असे जे अचानक थंडीचे झटके आले, त्या प्रत्येक वेळी तळावरचा समाज कोसळला, विविधतेचा निर्देशांक, म्हणजे किती प्रजाती आणि त्या किती समप्रमाणात आहेत याचा आकडा, ३ वरून १.६ पर्यंत खाली आला. सगळ्यात मोठी कोसळ १३,१०० वर्षांपूर्वी सुरू झाली आणि पूर्ण सावरायला ८,००० वर्षांपूर्वीचा काळ उजाडला. बदल शतकांमध्ये आला आणि भरपाईला पाच हजार वर्षं लागली.

एखादा अख्खा समुद्रच रिकामा झालाय असं घडलंय का?

भूमध्य समुद्र बघा. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी त्याचा अटलांटिकशी संबंध जवळपास तुटला, पाणी आटत गेलं, तळावर मिठाचे प्रचंड थर बसले, आणि ५३ लाख ३० हजार वर्षांपूर्वी अटलांटिक परत आत आला. तिथले खोल पाण्यातले जीव नव्याने आले. त्यानंतरही सुख नाही, आफ्रिकेतला पाऊस वाढला की नाईलचं गोडं पाणी वर पसरतं, पाणी बुडायचं थांबतं, पूर्वेकडच्या खोल भागात ऑक्सिजन संपतो आणि तळावर काळा गाळ बसतो. शेवटचा असा काळ साधारण १०,००० ते ६,००० वर्षांपूर्वी होता. म्हणजे पूर्व भूमध्याच्या खोल तळावर आज जे राहतात ते गेल्या काही हजार वर्षांत परत आलेले आहेत. जिब्राल्टरचा उंबरठा जेमतेम ३०० मीटर खोल आहे आणि आतलं पाणी १३ अंशांच्या आसपास, अटलांटिकच्या थंड तळावरच्या जीवांना आत यायला वाटच सोपी नाही. तिथली विविधता कमी का, याचं उत्तर आजच्या पाण्यात अर्धंच सापडतं.

खोल समुद्रातल्या प्रवाळांचं काय?

थंड पाण्यात, अंधारात वाढणारे प्रवाळ असतात आणि त्यांच्या रीफवर बाकी असंख्य जीव राहतात. ते हवामानाबरोबर जागा बदलतात. ईशान्य अटलांटिकमध्ये, आयर्लंड आणि नॉर्वेच्या बाजूला, ते उबदार आंतरहिमकाळात फुलतात, आणि हिमकाळात तिथे थांबून आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ फुलतात. नॉर्वेजवळचे आजचे मोठे रीफ बर्फ मागे हटल्यानंतरचे आहेत.

गरम पाण्याच्या झऱ्यांजवळचे जीव तरी यातून सुटतात का?

थोडेफार. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ ते पहिल्यांदा दिसले, आणि ते सूर्याऐवजी रसायनांवर जगणाऱ्या बॅक्टेरियांच्या जिवावर चालतात. पण त्यातल्या बहुतेक प्राण्यांना श्वासाला ऑक्सिजन लागतोच, आणि तो शेवटी वरूनच येतो. त्यामुळे पूर्ण सुटका नाही.

खोल समुद्रात जुने जीव लपून राहिलेत असं ऐकलंय, ते खरं का?

काही बाबतीत खरं. १९५२ मध्ये गॅलाथिया मोहिमेला कोस्टारिकाजवळ साडेतीन हजार मीटरच्या खालून निओपिलिना नावाचा मृदुकाय प्राणी मिळाला, ज्याचा गट कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपला असं समजत होते. पण म्हणून सगळाच खोल समुद्र पुराणकाळातला आहे असं नाही. बराच काळ असं मानत होते की क्रेटेशियसमध्ये, म्हणजे ९ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीसारख्या प्रसंगी, समुद्राचा ऑक्सिजन खूप घटला तेव्हा तळ पुसला गेला आणि आजचे सगळे नंतर उथळ पाण्यातून आले. २०१२ मध्ये बेन थुई आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकच्या फ्लोरिडाकडच्या बाजूचे ११ कोटी ४० लाख वर्षं जुने जीवाश्म दाखवले, त्यात आजच्या खोल समुद्रातल्या गटांचे नातलग होतेच. म्हणजे काही टिकले, काही आले, काही गेले आणि पुन्हा आले.

फक्त फोरॅम आणि ऑस्ट्राकॉडवरून सगळ्यांबद्दल बोलणं बरोबर आहे का?

रास्त शंका आहे. समुद्रकाकडीला काय झालं ते आपण कवचांवरून थेट सांगू शकत नाही, शिवाय किडे वरचा दहाएक सेंटिमीटर गाळ सतत ढवळत असतात त्यामुळे जिथे गाळ सावकाश साचतो तिथे हजार-दोन हजार वर्षांचे बदल पुसट होतात. पण दोन अगदी वेगळे गट, एक एकपेशीय आणि एक प्राणी, तेच सांगत असतील तर ते गंभीरपणे घ्यायला हवं.

आणि आता डीएनए मदतीला आलंय. २०२३ मध्ये सॅली लाउ, जॅन स्ट्रगनेल आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाभोवती तळावर राहणाऱ्या एका ऑक्टोपसचं, पॅरेलेडोन टर्केटीचं, डीएनए तपासलं. वेडेल समुद्रातले आणि पलीकडच्या रॉस समुद्रातले, ज्यांच्यामध्ये आज अख्खी पश्चिम अंटार्क्टिकाची हिमचादर आहे, ते शेवटच्या आंतरहिमकाळात, म्हणजे साधारण १,२९,००० ते १,१६,००० वर्षांपूर्वी, एकमेकांत मिसळत होते असं त्यातून निघालं. म्हणजे तेव्हा ती हिमचादर कोसळून मध्ये समुद्र होता. आणि तेव्हाचं जागतिक तापमान औद्योगिक काळाआधीपेक्षा फक्त ०.५ ते १.५ अंश जास्त होतं. प्राण्यांच्या रक्तातून हिमचादरीचा इतिहास वाचता येतो, यासाठीच तर हे सगळं शिकावंसं वाटतं.

आत्ताच्या तापमानवाढीबद्दल यातून काय कळतं?

वाढलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने घेतलीय. १९६० पासून समुद्रातला ऑक्सिजन साधारण २ टक्क्यांनी घटलाय. आणि आपण कार्बन ज्या वेगाने सोडतोय तो ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या घटनेतल्या वेगाच्या अंदाजे दहापट आहे. एकूण कार्बन तेव्हाइतका अजून नाही, पण वेग जास्त आहे, आणि वर बघितलं तसं खोल तळाच्या बाबतीत वेग फार महत्त्वाचा असतो.

त्यात एक अडचण अशी की आजचा खोल समुद्र थंड आहे, तेव्हाचा कोमट होता, म्हणून ती जुनी घटना जशीच्या तशी परत होईल असं समजू नका. सुरुवातीला काही थंड भागांत प्रजाती वाढलेल्याही दिसतील, पण त्या बहुतेक दुसरीकडून आलेल्या असतील, आणि ज्यांना थंडच लागतं त्यांना त्याच्याहून थंड, त्याच्याहून खोल जागा उरलेलीच नसेल. उत्तर अटलांटिकचा खोल प्रवाह मंदावला तर काय होतं याचं उत्तर तर १३,१०० वर्षांपूर्वीच्या गाळात लिहिलेलंच आहे.

खोल समुद्रातल्या खाणकामाशी याचा काही संबंध लागतो का?

लागतो. प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात धातूंचे गोळे तळावर पसरलेत, आणि ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या वेगाने वाढतात. २०२३ मध्ये तिथल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा साडेपाच हजारांहून जास्त प्रजातींचा अंदाज निघाला आणि त्यातल्या सुमारे ९० टक्के प्रजातींना अजून शास्त्रीय नावही नाही. अनेक प्राणी त्या गोळ्यांवरच चिकटून राहतात, गोळा उचलला की त्यांची जागा गेली. कुठला भाग खणायचा आणि कुठला राखीव ठेवायचा हे आज नकाशावर रेघा मारून ठरतं, पण खालचे जीव अन्न, ऑक्सिजन आणि तापमानाच्या मागे सरकत असतात, तेव्हा राखीव भाग ठरवताना वेगवेगळ्या खोलीचे, वेगवेगळं अन्न पडणारे आणि प्रवाहाने एकमेकांना जोडलेले तुकडे घ्यायला हवेत, नुसते रिकामे उरलेले चौकोन घेऊन भागणार नाही.